गाडीत काय आहे हा विषय नाही

मंगळवार, दिनांक चौदा ऑक्टोबर रोजी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्ग बाबागाडी मंडळाच्या अवांतर निवारण अधिकारी सिस्सेल यांनी एकूण नऊ पोस्टी नियमानुसार निकाली काढल्या. त्या वेळी त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात राय धान्याच्या पावाचा अर्धा तुकडा, आणि अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली, आपल्याकडे लेकरं थंडीतही उघड्यावरच झोपवतात त्या रिवाजाने लावलेल्या गाडीत त्यांची दहा महिन्यांची मुलगी आल्बा झोपली होती. कामकाज चार मिनिटांत आटोपलं. पाव मात्र राहिला.

मंडळ फोनमध्येच भरायचं, पण म्हणून त्याला घटना नव्हती असं नाही. आपल्याकडे दोन माणसं भेटली की गप्पा होतात, तिसरं आलं की संस्था स्थापन होते आणि चौथ्याला न विचारता खजिनदार करतात. इथे तर अकराशे चाळीस सभासद होते. वार्षिक सभा मार्च महिन्यात वाचनालयाच्या खोलीत कॉफी आणि गोड क्रिंगल-पावासह व्हायची आणि एरवी वर्षभर चर्चा चालायची. चर्चेचा विषय घटनेच्या कलम तीनमध्ये स्पष्ट लिहिला होता: बाबागाडी, म्हणजे चाके, स्प्रिंगा, ब्रेक, हूड, गादी, दांडा व तदनुषंगिक भाग. त्याखाली जाड अक्षरांत एक ओळ होती: गाडीत काय आहे हा विषय नाही.

ही ओळ उगाच आली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी एका बाईने भाबडेपणाने विचारलं होतं, लेकराला पावावर लावून कलेजीचं लेवरपोस्टाय कितव्या महिन्यापासून द्यावं? चर्चा सहा आठवडे चालली. दोन शेजारणींनी मधलं कुंपण उंच केलं, एक साखरपुडा मोडला, आणि ज्या लेकरासाठी विचारलं होतं ते मधल्या काळात उठून स्वतःच डब्यातलं खायला लागलं. तेव्हापासून बाबागाडी मंडळात बाळाचा उल्लेख करायचा नाही असं ठरलं.

सिस्सेलला हे पद मिळालं ते तिच्या अंगच्या गुणांमुळे नव्हे. मार्चच्या सभेत अवांतर निवारण अधिकाऱ्याची निवडणूक चालू असताना ती तीन महिन्यांच्या आल्बाचं लंगोट बदलायला बाहेर गेली होती. परत आली तर सगळे टाळ्या वाजवत होते. तिलाही वाटलं काहीतरी छान झालंय, म्हणून तिनेही वाजवल्या. अशा रीतीने हे घोंगडं बिनविरोध तिच्या गळ्यात पडलं.

काम सोपं होतं. आलेल्या पोस्टीचं फक्त शीर्षक पाहायचं. मंजूर शब्दांच्या यादीतला एखादा शब्द त्यात असला तर पोस्ट राहते, नसला तर बटण दाबायचं. आतला मजकूर वाचायचा नाही, फोटो उघडायचा नाही. कारण मजकूर वाचला की मत बनतं आणि मत बनलं की पूर्वग्रह होतो, असं मंडळाचे अध्यक्ष प्रेबेन म्हणत. प्रेबेनला लहान मूल नव्हतं, पण गराजमध्ये सात जुन्या बाबागाड्या होत्या, पॉलिश केलेल्या. त्याची तीस वर्षं पोहण्याच्या तलावाच्या काठावर शिट्टी फुंकून "पळू नका" म्हणण्यात गेली होती. निवृत्तीनंतर पळणारं कुणी उरलं नाही, तेव्हा त्याला मंडळ सापडलं. मंडळात वयाचा मान वगैरे नव्हता, सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. मान फक्त कलमांना होता.

बटण दाबलेल्या पोस्टी नष्ट होत नसत, एवढे काही आपण क्रूर नाही. त्या 'आयत्या वेळचे विषय' या खणात जात. प्रत्येक सभेच्या शेवटी येणारा हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही: त्यात कुणीही काहीही बोलावं, कितीही वेळ बोलावं, पण काहीही ठरवू नये. ठरवलं तर ते रद्द होतं. हा नियम लोकांच्या इतका अंगात भिनला आहे की त्या खणात कुणी "आग लागली आहे" असं लिहिलं तर खाली दीडशे माणसं आगीविषयी फार समतोल मतं मांडतील.

तर त्या मंगळवारच्या नऊ पोस्टी. 'दात येतायत का हे?' बटण. 'थंडीत किती पांघरुणं घालायची?' बटण. 'किटली द्यायची आहे, झाकण नाही.' बटण. शेवटची होती गुद्रुन नावाच्या सभासदाची: 'हा कुणाचा बरं?' खाली फोटो होता. सिस्सेलने तो नियमानुसार उघडला नाही. बटण दाबलं, पावाचा तुकडा तोंडात घातला, आणि अंगणातून पहिला हुंकार आला.

आल्बा उठली ती रोजच्यासारखी, आधी एक मूठ वर, मग दुसरी, मग हूडखालून दोन डोळे. सिस्सेलने तिला उचललं आणि गादीवर हात फिरवला. मग पांघरूण झटकलं. मग गादी उलटी केली.

नुसे नव्हता.

नुसे म्हणजे ससा. सिस्सेलने पोटुशी असताना स्वतःच्या जुन्या नाइटड्रेसचा शिवलेला. तिला शिवता येत नाही हे सशाकडे पाहताच कळत असे: एक डोळा कपाळावर, दुसरा गालावर. डावा कान चोखून चोखून दोरीएवढा झालेला. त्याला आंबट दुधाचा वास यायचा आणि तो धुवायची सोय नव्हती, कारण धुतलेला नुसे हा आल्बाच्या लेखी परका माणूस होता. तो कान तोंडात गेल्याशिवाय ती पोर झोपत नसे. सकाळी बंदराकडून फिरून येताना ती गाडीतच झोपली होती, म्हणून तो वाटेत कधी पडला ते सिस्सेलला कळलंच नव्हतं.

तिने कोट घातला आणि तीच वाट उलटी चालली. आपल्याकडे रस्त्यात पडलेला मोजा किंवा टोपी दिसली की येणारा-जाणारा ती उचलून जवळच्या कुंपणाला अडकवतो, डोळ्यांच्या उंचीवर. स्वेनबोर्गमध्ये अशी बाळमोज्यांची कुंपणं गल्लोगल्ली आहेत. तिने सगळी पाहिली. चार मोजे, एक बूट, एक दाताची कवळी. ससा नाही.

संध्याकाळी तिचा नवरा त्रोल्स फेरीबोटीवरून आला तो नवा ससा घेऊनच. मऊ, पांढरा, दोन्ही डोळे जागच्या जागी.

"बघ गं आल्बा, कोण आलंय!"

आल्बाने पाहुण्याकडे कर खात्याच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं, त्याचा कान एकदा चाखला आणि त्याला जमिनीवर सोडून दिलं.

"चारशे क्रोनरचा आहे गं तो," त्रोल्स कळवळून म्हणाला.

"तिला सांग की."

ती रात्र कशी गेली ते लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी मूल आहे त्यांना ठाऊक आहे, ज्यांच्या घरी नाही त्यांना वाटेल अतिशयोक्ती.

बुधवारी सकाळी सिस्सेलने मंडळात पोस्ट टाकली: 'ससा हरवला आहे'. खाली नुसेचा जुना फोटो आणि दोन ओळी, कुठे, कधी, डावा कान कसा. पोस्ट टाकताच नियमानुसार ती निकालासाठी अवांतर निवारण अधिकाऱ्याकडे, म्हणजे सिस्सेलकडेच आली. स्वतःच्या बाबतीत स्वतः निकाल द्यायचा नसतो, म्हणून तिने ती प्रामाणिकपणे अध्यक्षांकडे पाठवली. दहा मिनिटांत प्रेबेनचा फोन.

"सिस्सेल, तुझं प्रकरण माझ्याकडे आलंय. काळजी करू नकोस, मी मजकूर वाचलेला नाही."

"अरे, वाच ना. दोनच ओळी आहेत."

"शीर्षकात ससा आहे."

"आहे."

"चाकं आहेत का त्याला?"

"प्रेबेन, कापडाचा ससा आहे. आल्बाचा."

"नाव घेऊ नकोस," प्रेबेन घाईने म्हणाला. "गाडीत काय आहे ते मला ऐकायचं नाही. कापड म्हणालीस ना? हूडचं कापड विषयात बसतं. हूडला जोडलेला होता का?"

सिस्सेलच्या जिवात जीव आला. "हो! फितीने बांधला होता!"

पलीकडे कागदांची सळसळ झाली. प्रेबेनचा आवाज चक्क मऊ झाला. "मग तो गाडीचा सुटा भाग ठरू शकतो. फक्त एक सांग, गाठ कसली होती? निरगाठ असेल तर भाग. सुरगाठ असेल तर सामान."

सिस्सेलला खोटं बोलता आलं असतं. पण रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या अंगात खोटं बोलण्याएवढीही ताकद नसते.

"सुरगाठ होती."

"हाय रे," प्रेबेन मनापासून हळहळला. "निरगाठ मारली असतीस तर आज तो भाग असता."

"निरगाठ मारली असती तर तो पडलाच नसता ना, बाबा!"

"तेच तर. भाग पडत नाहीत. पडलं की समजायचं, सामान होतं." आणि बटण दाबल्याचा आवाज आला. "आयत्या वेळच्या विषयात पाठवलंय. तिथे मोकळेपणाने चर्चा होईल."

"आणि कुणाला सापडला असला तर? मला कळवतील ना?"

"कळवणं म्हणजे 'हा ससा तिचा आहे' असं ठरवणं झालं, सिस्सेल. आयत्या वेळच्या विषयात ठरवता येत नाही, हे तुला मी सांगायचं?"

"मग मी स्वतःच तिथे जाऊन बघते."

"तुला कसं जाता येईल? अधिकारी आहेस तू. ज्या खणात आपण टाकतो त्याच खणात जाऊन आपणच गप्पा मारायला लागलो तर निःपक्षपातीपणा कुठे राहिला?"

"मग राजीनामा देते."

"जरूर दे. मार्चच्या सभेत विषयपत्रिकेवर घेऊ."

गुरुवारी दुपारी सिस्सेल बेकरीत गेली. दारात आल्बा गाडीत होती, झोपलेली नव्हती, आणि हे साऱ्या रस्त्याला ऐकू येत होतं. रांगेत पुढे उभी असलेली एक बाई मागे वळली, सिस्सेलला निरखून पाहिलं आणि तिचा हात धरला.

"तू ससावाली ना? अगं किती सुंदर चर्चा चाललीय तुझ्यावर! मला तर रडूच आलं. एकाने लिहिलंय, बालपण म्हणजेच एक हरवलेला ससा असतो. मी लगेच हृदय दिलं."

"कुणाला सापडलाय का?" सिस्सेलने विचारलं.

"तुझी पोस्ट आणि तिच्या वरची ती दुसरी, दोन्हींतले फोटो शेजारी शेजारी ठेवले की..." बाई एकदम थांबली आणि तिने पाव धरलेल्या हातानेच तोंड झाकलं. "नको बाई. मी ठरवल्यासारखं होईल."

"दुसरी कुठली पोस्ट? कुणाची?"

"तू अधिकारी आहेस ना? मग तुला तर सांगताच येणार नाही," बाई मायेने म्हणाली. "पण मी खरंच तुझ्यासोबत आहे हं." आणि ती दालचिनीचे दोन वेटोळे पाव घेऊन निघून गेली, जाताना गाडीवर वाकून आल्बाला म्हणाली, "रडू नको हो राणी."

सिस्सेलने बेकरीच्या पायरीवरूनच प्रेबेनला फोन लावला.

"दुसरी पोस्ट आहे म्हणे तिथे. फोटोसकट."

"आहे," प्रेबेन म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "लोकांना साम्य वाटतंय, म्हणून मी तिघांची साम्य समिती नेमली. एका डोळ्याची जागा जुळते. कानही जुळतो. एकंदर अकरा मुद्दे जुळलेत."

"म्हणजे तो नुसेच आहे!"

"समितीला निष्कर्ष काढायचा अधिकार नाही. फक्त साम्य नोंदवायचा आहे."

"प्रेबेन, ऐक." तिने फोन गाडीजवळ नेला आणि आल्बाला बोलू दिलं. आल्बाने अर्धा मिनिट आपली बाजू मांडली.

पलीकडे नाक शिंकरलं गेलं. मग प्रेबेनचा घोगरा आवाज: "फार वाईट वाटतंय गं. खरंच. माझ्या हातात असतं तर..." आणि त्याच्या हातातच होतं, हे त्यालाही एक क्षण जाणवलं असावं, कारण त्याने फोन ठेवून दिला.

शुक्रवारपर्यंत आल्बा एकूण साडेपाच तास झोपली होती, तेही तुकड्यातुकड्यांत. सिस्सेल गाडी हलवत होती. तेवढंच हाताशी उरलं होतं. अंगणात उभं राहून पुढे-मागे, पुढे-मागे, एका हाताने, मग दुसऱ्या हाताने, मग कमरेने. तीन दिवस गाडी अशी हलली की शुक्रवारी सकाळी मागची स्प्रिंग बोलू लागली. गाडी पुढे गेली की 'कुईं', मागे आली की 'कुईं'. मिटत आलेले आल्बाचे डोळे प्रत्येक कुईंला टक्क उघडत.

सिस्सेलच्या डोक्यात काहीही डावपेच नव्हता. खरं तर डोक्यातच काही नव्हतं. तिने एका बोटाने लिहिलं: 'मागची स्प्रिंग कुरकुरते'. एवढंच. खाली मजकूरही नाही.

आणि स्वेनबोर्ग जागं झालं.

पाच मिनिटांत एकवीस उत्तरं आली. कुरकूर सुकी आहे की ओली? वजन पडताना की सुटताना? आवाज ध्वनिमुद्रित करून पाठव. एकाने स्प्रिंगचा आडवा छेद काढून पाठवला. चाळीसेक किलोमीटरवरच्या ओदेन्सेहून एकाने लिहिलं, पाना घेऊन सायकलवर निघतोय, वारा पाठीमागून आहे. कोपऱ्यावरच्या घरातला माणूस, ज्याने दोन वर्षांत सिस्सेलला मान हलवून ओळख दिली नव्हती, तो ग्रीसचा डबा घेऊन फाटकात उभा राहिला. "वाचलं," तो म्हणाला, लाजला, डबा ठेवून गेला. आल्बाच्या रडण्याकडे त्याने पाहिलं नाही, तो सभ्य माणूस होता.

अडुसष्टावं उत्तर असं होतं: 'ग्रीस घालू नकोस गं पोरी, धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल घाल. माझ्याकडे आहे. गाडी घेऊनच ये, पिवळं घर, चर्चच्या मागे. केक केलाय. प्रेमळ नमस्कार, गुद्रुन.'

सिस्सेल गाडी ढकलत निघाली. कुईं, कुईं, आणि मधल्या जागेत आल्बा.

गुद्रुन ब्याऐंशी वर्षांची होती. तिच्या दाराशीही एक बाबागाडी उभी होती, साठ सालची, आणि तिच्यात बटाटे होते. मंडळाचं सभासद व्हायला गाडी असली की पुरे, आत काय आहे हा विषय नसल्यामुळे बटाट्यांना कुणी हरकत घेतली नव्हती. तिने सिस्सेलला काही न विचारता गुडघे टेकले, स्प्रिंगवर दोन थेंब टाकले, गाडी एकदा मागे-पुढे केली. आवाज बंद.

"झालं. आता हिला घेऊन आत ये. किती रडशील गं बाई? कोण रागावलं?"

स्वयंपाकघर उबदार होतं. टेबलावर सफरचंदाचा केक होता, खिडकीखाली तापता रेडिएटर, आणि रेडिएटरवर, गळ्यात नवा विणलेला लाल मफलर घालून, एक डोळा कपाळावर आणि एक गालावर अशा थाटात, नुसे बसला होता.

आल्बा रडायची थांबली. हसली वगैरे नाही. तिने फक्त एक लांब उसासा सोडला, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने दिवसभराचं काम आटोपल्यावर सोडावा तसा, आणि हात पुढे केला. कान तोंडात गेला. एका मिनिटात तिचं डोकं सिस्सेलच्या खांद्यावर जड झालं, मानेवर तिचा ऊन ऊन श्वास येऊ लागला, आणि सिस्सेल हलायचं विसरून तशीच उभी राहिली.

"तुझाच का तो?" गुद्रुन कुजबुजली. "अगं, मी मंगळवारीच टाकलं होतं मंडळात! एरवी कुंपणालाच अडकवते मी. पण पाऊस यायला लागला, म्हटलं भिजेल बिचारा. शेजारीण म्हणाली, आता लोक फोनमध्येच टाकतात. म्हणून फोटो काढला, तोही सरळ आला. पाच मिनिटांत गायब! कुणी आयत्या वेळच्या विषयात भिरकावून दिला. तिथे तीन दिवस सगळे त्याचं कौतुक करतायत, घ्यायला एकजण येत नाही." तिने कॉफी ओतली. "ती कोण मेली अवांतरवाली आहे ना तिथे, तिला मी एकदा बघणार आहे. पोरंबाळं नसणार तिला."

सिस्सेलने कॉफीचा पेला धरला, पण उचलला नाही.

"आहे," ती म्हणाली. "एक आहे."

"मग झोप होत नसेल तिची."

"नाही होत." आणि मग, आल्बाच्या केसांत तोंड लपवून: "गुद्रुन, ती मीच."

गुद्रुनने तिच्याकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं, झोपलेल्या पोरीकडे पाहिलं. मग सुरी उचलली आणि सिस्सेलच्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला.

"मग तुला एकाने काय होतंय," ती म्हणाली. "खा. मी धरते तिला."

आल्बा सलग तीन तास झोपली. घरी येऊन सिस्सेलने फोन उघडला तर स्प्रिंगच्या चर्चेत शेवटी गुद्रुनने लिहिलं होतं: 'तेल घातलं. आवाज गेला. ससा आईला मिळाला. पोर झोपली. प्रेमळ नमस्कार, गुद्रुन.' या चार वाक्यांना तीनशे बारा हृदयं मिळाली होती. अठ्ठावन्न तक्रारीही आल्या होत्या: तेल आणि आवाज ठीक, पण ससा आणि पोर हे अवांतर आहे. सिस्सेलने नावं पडताळून पाहिली. तक्रार करणारे अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न जण त्या तीनशे बारांमध्ये होते. आधी हृदय, मग तक्रार. एकाच बोटाने.

तिने नियम मोडला नाही. ती तेवढी शूर नव्हती आणि राजीनामा मार्चपर्यंत मिळणार नव्हता. पण आल्बा झोपली आहे आणि आपण जाग्या आहोत अशी दुर्मीळ वेळ होती. तिने यादी काढून मंगळवारच्या उरलेल्या आठही जणांना एकेक ओळ लिहिली: 'आपली पोस्ट अवांतर ठरली आहे. शीर्षकात स्प्रिंग हा शब्द घालून पुन्हा पाठवावी.'

पहिली परत आली ती 'स्प्रिंग: थंडीत किती पांघरुणं घालायची?' सिस्सेलने शीर्षक पाहिलं. मंजूर शब्द होता. मजकूर वाचायचा नव्हताच. पोस्ट राहिली, आणि संध्याकाळपर्यंत त्या घाबरलेल्या नव्या आईला चाळीस जणींनी सांगितलं की मानेमागे हात घालून बघ, ऊन लागली तर पुरे. मग 'स्प्रिंग: दात'. मग 'स्प्रिंग: किटली, झाकण नाही'. नोव्हेंबरात कुणीतरी धीर करून 'स्प्रिंग: लेवरपोस्टाय' लिहिलं आणि आश्चर्य म्हणजे कुणाचंही कुंपण उंच झालं नाही. बालसंगोपन, सासू, रात्रीचं रडणं, दिवसाचं रडणं, सगळं स्प्रिंगखाली येऊ लागलं. प्रेबेनला आनंदाचं भरतं आलं.

"इतकी शिस्त मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही," तो फोनवर म्हणाला. "तीन महिने एकही माणूस विषय सोडून बोललेला नाही! तू जादूगार आहेस, सिस्सेल. मार्चमध्ये तुलाच पुन्हा निवडू."

"मी तेव्हा खोलीत असेन हं."

"बघू," प्रेबेन म्हणाला.

जानेवारीत एका साध्या गृहस्थाने लिहिलं, 'गाडीची स्प्रिंग तुटली आहे, काय करू?' त्याची स्प्रिंग खरोखरच तुटली होती. अर्ध्या तासात शहाण्णव तक्रारी आल्या: हे काय भलतंच? इथे लोक मुलाबाळांचं बोलतात. सिस्सेलने मजकूर वाचला नाही. शहाण्णव तक्रारी होत्या आणि आल्बा उठायच्या बेतात होती. बटणावर बोट होतं, पाव दुसऱ्या हातात होता. तो गृहस्थ आजही आयत्या वेळच्या विषयात आहे आणि त्याच्या तुटक्या स्प्रिंगवर फार सुंदर चर्चा चालली आहे.

आता आपण, वाचक. ज्यांना ही हकीकत आवडली, दोन ठिकाणी रडूही आलं, आणि तरीही 'छान आहे, पण ही इथे कशाला?' असं ज्यांच्या मनात येऊन गेलं, त्यांनी आपली तक्रार अवश्य पाठवावी. मुलगी झोपली की तिचा निकाल लागेल. शीर्षकात स्प्रिंग लिहायला तेवढं विसरू नका, खालचं कुणी वाचणार नाही.